खडक वाचणारी विद्या : भूशास्त्राचें व्यावसायिक शिक्षण आणि बुलढाणा जिल्हा



मनुष्य आजारी पडला म्हणजे वैद्याकडे जावें, वाटणीचा तंटा उपस्थित झाला म्हणजे वकिलाचा सल्ला घ्यावा, घर बांधावयाचें ठरलें म्हणजे स्थापत्यशास्त्रज्ञास बोलवावें, हें आपल्या घराघरांत ठाऊक आहे. परंतु विहीर कोठें खणावी, गांवचें पाणी मचूळ कां लागतें, कारखान्याचें टाकाऊ द्रव्य आज एका खड्ड्यांत ओतलें तर दहा वर्षांनीं तें कोणाच्या विहिरींत उतरेल, असे प्रश्न पडले म्हणजे कोणाकडे जावें, हें सुशिक्षित कुटुंबांतही बहुधा ठाऊक नसतें. या प्रश्नांचा विचार करणारी एक स्वतंत्र विद्या आहे. तिला आपण भूशास्त्र म्हणतों. पदवीनंतर कांहीं वर्षें कसून अभ्यास केला म्हणजे या विद्येचा व्यवसाय करतां येतो. आणि जमिनीखालचें इंधन शोधण्यापासून जमिनीवरील पर्यावरणाचें रक्षण करण्यापर्यंत अनेक कामें या व्यवसायाच्या कक्षेंत येतात. हें शिक्षण कसें असतें, तें कोठें मिळतें, आणि आपल्या भागाला त्याची गरज किती आहे, याचा विचार आज करावयाचा आहे.

उदाहरणासाठीं मी बुलढाणा जिल्हा घेतला आहे. याचें कारण असें कीं, एकाच जिल्ह्यांत तीन प्रकारची भूमि येथें शेजारीं शेजारीं नांदते. उत्तरेस सातपुड्याचा पायथा, मध्यें पूर्णा नदीचें गाळाचें सपाट मैदान, आणि अजिंठ्याच्या डोंगररांगेचा घाट चढून गेल्यावर दक्षिणेस लागणारें काळ्या पाषाणाचें पठार. जुन्या वऱ्हाडांत या मैदानाला पाईनघाट व पठाराला बालाघाट म्हणत. नांवें महसुली खरीं, पण त्यांच्या मुळाशीं जो भेद आहे तो भूशास्त्राचाच आहे.

प्रथम पठाराकडे वळूं. लोणारचें सरोवर कोणाला ठाऊक नाहीं? सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचें, जवळजवळ वर्तुळाकृति असें हें विवर आहे. त्यांतील पाणी इतकें क्षारयुक्त कीं, सोळाव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या आईन-इ-अकबरींतही येथील क्षारांचा उल्लेख कांच व साबण यांच्या संदर्भांत आलेला आहे. आणि पुढें डल्ला, पापडी, भुस्की अशा नांवांनीं त्या क्षारांच्या निरनिराळ्या जाती ओळखल्या जात. १८२३ सालीं सी. जे. ई. अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्यानें या स्थळाची नोंद केली, आणि तेथून पुढें जवळजवळ दीडशें वर्षें एकच वाद चालला : हा खड्डा झाला कसा? सभोंवार सगळा ज्वालामुखीचा खडक. तेव्हां हें ज्वालामुखीचेंच तोंड असावें, किंवा पोटांतील वाफ फुटून जमीन उडाली असावी, असें जुन्या भूशास्त्रज्ञांना वाटणें स्वाभाविक होतें. १८९६ सालीं अमेरिकेचे प्रसिद्ध भूशास्त्रज्ञ गिल्बर्ट यांनीं ॲरिझोनांतील विवराशीं लोणारचें साम्य दाखविलें. पण आकाशांतून पडलेल्या पाषाणानें हें झालें, या निष्कर्षापर्यंत तेही पोहोंचले नाहींत.

निकाल लागला तो १९७३ सालीं. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण आणि अमेरिकेंतील स्मिथसोनियन संस्था यांच्या शास्त्रज्ञांनीं विवराच्या तळांत खोल छिद्रें पाडलीं. गाळाचा जाड थर ओलांडल्यावर भंगलेला खडक हातीं आला. त्याचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखालीं ठेवून पाहतां असें दिसलें कीं, त्यांतील फेल्स्पार नांवाच्या खनिजाची कांच झाली आहे, पण स्फटिकाचा मूळ आकार मोडलेला नाहीं. या कांचेला मास्केलिनाइट म्हणतात. ज्वालामुखीच्या उष्णतेनें खनिज वितळलें असतें तर त्याचा आकार उरला नसता. आकार ठेवून आंतली घडी मोडावयाची तर क्षणार्धांत येणारा प्रचंड दाब लागतो, आणि तसा दाब निसर्गांत अशनीच्या आघातानेंच उत्पन्न होतो. दीडशें वर्षांचा वाद अशा रीतीनें एका कणावर मिटला.

ही कथा मी सांगितली ती सरोवराच्या कौतुकासाठीं नव्हे. भूशास्त्राचा विद्यार्थी काय शिकतो, तें या एका उदाहरणांत सगळें आलें आहे. पायीं हिंडून केलेला नकाशा, जमिनीच्या पोटांतून काढलेला नमुना, प्रयोगशाळेंतील परीक्षा, आणि जगांतील दुसऱ्या तशाच स्थळाशीं तुलना, या चारही गोष्टी एकत्र आल्या तेव्हांच निर्णय झाला. शिवाय या विद्येंत आंकडा हा पद्धतीसह सांगावा लागतो. लोणारच्या विवराचें वय एका पद्धतीनें सुमारे ५२ हजार वर्षें निघालें, तर २०११ सालीं प्रसिद्ध झालेल्या आर्गॉन-पद्धतीच्या मापनानें तें सुमारे ५ लक्ष ७० हजार वर्षें निघालें. दोन आंकड्यांत दसपटीहून अधिक अंतर! कोणता आंकडा कां स्वीकारावा, हें सांगतां येणें म्हणजे शिक्षण. नुसता आंकडा पाठ म्हणणें म्हणजे शिक्षण नव्हे.

लोणार पाहण्यास देशोदेशींचे लोक येतात. घाट उतरून पूर्णेच्या मैदानांत गेलें कीं असें एक स्थळ लागतें, जें पाहण्यास कोणी प्रवासी येत नाहीं, पण ज्याचा अर्थ लावण्यावर सहस्रावधि कुटुंबांचें सुखदुःख अवलंबून आहे. तें म्हणजे खारपाण पट्टा. अमरावती, अकोला व बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पूर्णेच्या दोन्ही तीरांस हा पट्टा पसरला आहे. बुलढाणा जिल्ह्यांत शेगांव, संग्रामपूर, जळगांव जामोद, नांदुरा, मलकापूर या तालुक्यांतील अनेक गांवांना त्याची झळ लागते. येथें विहीर खणली तर पाणी लागत नाहीं असें नाहीं. पाणी लागतें, पण तें तोंडांत धरवत नाहीं, आणि पिकाला दिलें तर त्यांतील सोडियममुळें काळी जमीन आवळून येते व पुढें पाणी पीत नाहीं. म्हणून कित्येक शेतकरी पावसावर आणि शेततळ्यांत साठविलेल्या पावसाच्या पाण्यावरच विसंबून राहतात. पायांखालीं पाणी असतां आभाळाकडे डोळे लावावयाचे, असा हा प्रकार आहे.

समुद्र येथून शेंकडों किलोमीटर दूर; मग हें मीठ आलें कोठून? पूर्वीं येथें समुद्र होता, अशी समजूत लोकांत ऐकूं येते. परंतु त्यासाठीं समुद्राची गरज नाहीं. सातपुडा व अजिंठा या दोन डोंगररांगांमधील खोलगट भागांत नदीनें युगानुयुगें गाळ आणून टाकला. तो काठोकाठ चिकणमातीनें भरलेला, मैदानाला उतार अगदीं थोडा, आणि पाऊस बेताचा. अशा स्थितींत जमिनींतील पाणी पुढें सरकतें तें गोगलगायीच्या गतीनें. खडकांतून व मातींतून विरघळलेले क्षार वाहून जाण्याऐवजीं तेथेंच रेंगाळतात. उन्हानें पाणी उडून जातें, क्षार मागें राहतात. आणि हा व्यवहार सहस्रावधि वर्षें चालला म्हणजे गोड्या पावसाचें खारें पाणी होतें. सातपुड्याच्या पायथ्याशीं मात्र गोटे व वाळू यांचे भरड थर आहेत. तेथें पाणी खोल लागतें, पण तें बहुधा गोडें असतें. म्हणजे दहा-वीस किलोमीटरांच्या अंतरांत पाण्याची जात बदलते, आणि ती कां बदलते हें गाळाच्या कणांच्या जाडीवरून समजतें.

आतां शिकलेल्या व न शिकलेल्या माणसांत भेद काय पडतो, तें पाहा. जमिनींत पाणी शोधण्यासाठीं विद्युत्-रोधाची एक पद्धति सर्वत्र वापरली जाते. जमिनींत लोखंडी खुंट्या ठोकून विजेचा प्रवाह सोडतात आणि जमीन त्याला किती अडथळा करते तें मोजतात. कोरडा, अभंग खडक फार अडथळा करतो. ओला, भेगाळलेला खडक कमी करतो. तेव्हां अडथळा कमी तेथें पाणी, असा सोपा नियम कोणीही दोन दिवसांत शिकूं शकेल. पण चिकणमाती आणि खारें पाणी यांचा अडथळा तर सर्वांत कमी! जो हा नियम पाठ करून खारपाण पट्ट्यांत यंत्र घेऊन जाईल, तो शेतकऱ्यास नेमका सर्वांत खाऱ्या पाण्यावर बोट ठेवून देईल. यंत्र खोटें बोललें नाहीं; यंत्राचें म्हणणें समजून घेणारा तेथें नव्हता. यंत्र चालविणें आणि यंत्राचा अर्थ लावणें यांच्यामधील अंतर भरून काढण्यासाठींच पदव्युत्तर शिक्षणाचीं वर्षें खर्चीं पडतात.

याच भागांतील एक अलीकडील घटना आपल्या स्मरणांत असेल. डिसेंबर १९२४ नव्हे, शंभर वर्षांनंतरचा डिसेंबर २०२४ संपत असतां शेगांव तालुक्यांतील कांहीं गांवांत माणसांचे केस थोड्याच दिवसांत गळून पडूं लागले, आणि सर्वत्र घबराट झाली. पहिला संशय पाण्यावर गेला, कारण पाणी या भागांत आधींच बदनाम आहे. नमुन्यांत नायट्रेटचें प्रमाण वाढलेलें आढळलें. पुढें तपास चालू राहिला तेव्हां सेलेनियम नांवाच्या मूलद्रव्याकडे आणि खाण्यांतील गव्हाकडे संशयाची दिशा वळली. त्या प्रकरणाचा वैद्यकीय निवाडा करणें हा माझा अधिकार नव्हे. परंतु एक गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. सेलेनियम हें खडकांतून मातींत, मातींतून धान्यांत व धान्यांतून शरीरांत जाणारें द्रव्य आहे. अल्प प्रमाणांत तें शरीरास आवश्यक, अधिक झालें कीं विषारी. कोणत्या प्रदेशाच्या मातींत तें किती आहे, हें सांगणें भूरसायनशास्त्राचें काम. आणि रोग व भूमि यांच्या संबंधाचा अभ्यास करणारी वैद्यकीय भूशास्त्र नांवाची शाखाच आतां निराळी झाली आहे. अशा प्रसंगीं डॉक्टराच्या शेजारीं भूशास्त्रज्ञ उभा असेल तर संशयाला योग्य दिशा लवकर मिळते.

तिसरी भूमि काळ्या पाषाणाची. महाराष्ट्राचा सुमारे चार पंचमांश भाग या दख्खनी बसाल्टानें व्यापला आहे. सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वीं लाव्ह्याचे थरावर थर पसरले, त्यांचा हा खडक. वाळूच्या थराप्रमाणें हा खडक सर्वांगानें पाणी धरीत नाहीं. पाणी सांठतें तें वरच्या मुरमांत, भेगांत, बुडबुड्यांनीं सच्छिद्र झालेल्या भागांत आणि दोन थरांच्या सांध्यांत. म्हणून एकाच्या शेतांत बारा महिने पाणी आणि बांधापलीकडील विहीर कोरडी, असा चमत्कार आपण पाहतों. जसजसें खोल जावें तसतशा भेगा सामान्यतः आवळत जातात. तरीही आशेनें मनुष्य कूपनलिका खोल खोल नेतो, आणि प्रत्येक फुटाबरोबर कर्जाचा आंकडाही खालीं जाण्याऐवजीं वर चढतो. अशा वेळीं गांवांत पाणाडी बोलावतात. तळहातावरचा नारळ उभा राहिला किंवा हातांतील काडी फिरली, कीं जागा ठरली. पाणाड्याला हंसणें सोपें आहे. पण शेतकरी त्याच्याकडे जातो याचें कारण असें कीं, पाणाडी हांकेच्या अंतरावर असतो आणि भूशास्त्रज्ञ नसतो. १९७२ सालच्या दुष्काळाच्या सुमारास महाराष्ट्र शासनानें भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा स्थापन केली, ती हीच उणीव भरून काढण्यासाठीं. पाझर तलाव कोठें बांधावा, कोणत्या नाल्यांतील गाळ काढल्यानें पाणी मुरेल, खडकांत उभ्या भिंतीसारखा घुसलेला डाइक पाणी अडवील कीं फुटून वाहूं देईल, हें पाहिल्याशिवाय केलेलें जलसंधारण हें पुष्कळदां नुसतें मातीकाम ठरतें.

गरज ही अशी आहे. आतां ती भागविणारा माणूस कसा तयार होतो, तें सांगतों.

शास्त्रशाखेंतील बी. एस्सी. पदवी भूशास्त्र हा विषय घेऊन करावी, हा सरळ मार्ग. त्यानंतर दोन वर्षांची एम्. एस्सी. अमरावतीचें संत गाडगेबाबा विद्यापीठ, ज्याच्या कक्षेंत बुलढाणा जिल्हा येतो, तेथें भूशास्त्राचा विभाग आहे. नागपूर विद्यापीठांत, पुण्यास विद्यापीठांत व फर्ग्युसन महाविद्यालयांत, नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठांत हा विषय शिकवितात. मुंबईच्या आय. आय. टी. मध्यें उपयोजित भूशास्त्र व उपयोजित भूभौतिकी अशा दोन शाखांत एम्. एस्सी. करतां येते, तेथील प्रवेशासाठीं अखिल भारतीय परीक्षा द्यावी लागते. महाराष्ट्राबाहेर धनबादची संस्था १९२६ पासून खाणी व भूशास्त्र यांचें शिक्षण देत आहे. मध्य प्रदेशांत सागर येथें उपयोजित भूशास्त्राचा विभाग उभारणारे वेस्ट हे रामटेकजवळच्या देवलापार भागांतील खडकांच्या उलथापालथीचा अभ्यास करून नांवाजलेले होते. नागपूरच्या भूमीचें शास्त्रीय वाचन तर त्याहूनही जुनें. मिशनरी स्टीफन हिस्लॉप व त्यांचे सहकारी हंटर यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तेथील जीवाश्म गोळा करून त्यांवर लिहिलें; आणि हेच हिस्लॉप १८६३ सालीं टाकळघाटाकडील संशोधनाहून परततांना नदीच्या पुरांत बुडाले.

एम्. एस्सी.च्या दोन वर्षांत विद्यार्थ्याला खनिजें व खडक ओळखावे लागतात, घड्या व भ्रंश यांची भूमिति शिकावी लागते, पाण्याचें व मातीचें रासायनिक पृथक्करण करावें लागतें, उपग्रहांनीं घेतलेलीं चित्रें वाचावीं लागतात, आणि संगणकावर नकाशे रचावे लागतात. परंतु या सर्वांचा कणा म्हणजे क्षेत्रकार्य. हातोडा, होकायंत्र, भिंग आणि वही घेऊन विद्यार्थी उन्हांत हिंडतात. प्रत्येक उघड्या खडकापाशीं थांबून थराचा कल मोजतात. सायंकाळीं नकाशावर रंग भरतात. आणि दुसऱ्या दिवशीं आपलाच नकाशा कोठें जुळत नाहीं तें पाहतात. नकाशावरील प्रत्येक रेषेखालीं आपण प्रत्यक्ष काय पाहिलें व काय अनुमानिलें, हें वेगळें दाखविण्याची शिस्त त्यांना लावली जाते. पाहिलेलें अखंड रेषेनें, अनुमानिलेलें तुटक रेषेनें. माझ्या मतें सबंध भूशास्त्रीय शिक्षणांतील सर्वांत मोलाचा नियम हाच. जो मनुष्य तुटक रेषेच्या जागीं अखंड रेषा काढतो, तो पुढें शेतकऱ्याला, सरकारला अथवा कारखानदाराला फसविण्यास तयार झाला असें समजावें.

पदवीनंतर नोकरीचा राजमार्ग म्हणजे संघ लोकसेवा आयोगाची संयुक्त भूवैज्ञानिक परीक्षा. पूर्वपरीक्षा, मुख्य परीक्षा व मुलाखत अशा तीन पायऱ्या चढून जे निवडले जातात, ते भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणांत किंवा केंद्रीय भूजल मंडळांत जातात. हें सर्वेक्षण १८५१ सालीं टॉमस ओल्डम यांच्या नेतृत्वाखालीं सुरू झालें, तें मुख्यतः कोळशाचा शोध घेण्यासाठीं. आज त्याचें काम खनिजांपासून दरडी कोसळण्याच्या अभ्यासापर्यंत पसरलें आहे. येथें ध्यानांत ठेवण्याजोगी गोष्ट अशी कीं, एम्. एस्सी. होऊन व परीक्षा जिंकूनही नवा अधिकारी तयार झाला असें सर्वेक्षण मानीत नाहीं. हैदराबाद येथें त्याची प्रशिक्षण संस्था आहे, आणि राजस्थानांत झावर, कर्नाटकांत चित्रदुर्ग, झारखंडांत कुजू अशीं क्षेत्रकेंद्रें आहेत. तेथें नवख्यांना पुन्हां हातोडा घेऊन रानांत पाठवितात. भूजलाच्या क्षेत्रांत असेंच काम रायपूरची राष्ट्रीय भूजल प्रशिक्षण संस्था करते. बुलढाण्याच्या मुलाला हें सर्व फार दूरचें वाटूं नये. भूवैज्ञानिक सर्वेक्षण व भूजल मंडळ यांचीं मध्य विभागाचीं कार्यालयें, भारतीय खाण ब्यूरो, राज्याचें भूविज्ञान व खनिकर्म संचालनालय, कोळशाची वेस्टर्न कोलफील्ड्स, मँगनीजची मॉयल, पर्यावरणाचें संशोधन करणारी नीरी, हीं सर्व नागपुरांत आहेत.

आतां ऊर्जेचें क्षेत्र. वर्धेच्या खोऱ्यांतील व उमरेड-कामठीकडील कोळसा हा विदर्भाचा जुना ठेवा. खनिज तेलाच्या बाबतींत १९५६ सालीं तेल व नैसर्गिक वायु आयोग स्थापन झाला, आणि १९७४ च्या फेब्रुवारींत सागर सम्राट या तरंगत्या यंत्रानें मुंबईच्या समुद्रांत तेल शोधून काढलें. समुद्राच्या तळाखालीं काय आहे, हें छिद्र पाडण्यापूर्वीं ध्वनिलहरींच्या प्रतिध्वनीवरून वाचणारे भूभौतिकशास्त्रज्ञ त्यामागें होते. पण पुढील पिढीचें काम केवळ इंधन काढण्याचें राहणार नाहीं. इंधन जाळून उत्पन्न झालेला कर्बवायु पुन्हां जमिनींत कसा पुरावा, हाही आतां भूशास्त्राचाच प्रश्न झाला आहे, आणि त्याचें एक उत्तर आपल्या काळ्या पाषाणांत असण्याचा संभव आहे. आइसलंडांत कर्बवायु पाण्यांत विरघळवून बसाल्टांत सोडला. २०१६ सालीं प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्यांतील सुमारे ९५ टक्के भाग दोन वर्षांच्या आंत दगड होऊन बसला. मात्र आइसलंडचा बसाल्ट कोवळा, आपला फार वृद्ध. त्याच्या पुष्कळ पोकळ्या जिओलाइटांसारख्या खनिजांनीं आधींच भरून गेल्या आहेत. तेथें जमलें तें येथें जमेलच असें नाहीं. तें शोधावें लागेल, आणि शोधणारीं माणसें येथील खडकावर वाढलेलीं असावीं लागतील. मुंबईच्या आय. आय. टी. मध्यें कर्बवायूच्या ग्रहणाचें व उपयोगाचें राष्ट्रीय केंद्र निघालें आहे. कोयनेच्या १९६७ सालच्या भूकंपाचें मूळ शोधण्यासाठीं तर शास्त्रज्ञांनीं बसाल्टाचा सारा थर भेदून खालच्या ग्रॅनाइटी पाषाणांत, एकूण तीन किलोमीटर खोल छिद्र पाडलें आहे. हीं कामें तरुणांची वाट पाहत आहेत.

पर्यावरणाच्या क्षेत्रांत २००६ च्या अधिसूचनेप्रमाणें खाण, धरण, मोठा कारखाना यांसारख्या प्रकल्पांना आधीं पर्यावरणीय परिणामांचा अहवाल द्यावा लागतो, आणि तो अहवाल तयार करणाऱ्या मान्यताप्राप्त संस्थांत भूशास्त्र व भूजलशास्त्र यांचे तज्ज्ञ असावे लागतात. हा व्यवसाय वाढता आहे. पण मोहही येथेंच आहे. अहवालाचे पैसे ज्याचे, त्याला गैरसोयीचें सत्य लिहावयाचें, हें सोपें काम नव्हे. अमेरिकेंतील अनेक राज्यांत भूशास्त्रज्ञाला परवाना घ्यावा लागतो, व इंग्लंडांत सनदी भूशास्त्रज्ञ अशी पदवी व्यवसायमंडळाकडून मिळते. आपल्याकडे डॉक्टर व वकील यांची जशी कायद्यानें नोंदणी होते, तशी भूशास्त्रज्ञाची होत नाहीं. चुकीच्या सल्ल्यानें शेतकऱ्याचें कर्ज बुडालें, तर जाब कोणी द्यावा? जोंवर कायदा याचें उत्तर देत नाहीं, तोंवर तें उत्तर शिक्षणानें घडविलेल्या सचोटीलाच द्यावें लागेल.

मुलींच्या आईबापांना दोन शब्द सांगतों. रानावनांत हिंडण्याची ही विद्या मुलींना झेपणार नाहीं, असें अजूनही ऐकूं येतें. १९८३-८४ च्या भारतीय अंटार्क्टिका मोहिमेंत भूशास्त्रज्ञ सुदीप्ता सेनगुप्ता आणि नागपुरांत जन्मलेल्या समुद्रशास्त्रज्ञ अदिती पंत या दोघी गेल्या, तेव्हांच या शंकेचें निरसन झालें आहे. खाणींच्या पोटांत स्त्रियांना काम करण्यास जी बंदी होती, तीही २०१९ सालीं कांहीं अटींवर शिथिल झाली. अडचण मुलींच्या शक्तीची नाहीं. शिबिरांत राहण्याची नीट सोय, सोबत आणि सुरक्षितता यांची आहे, आणि ती सोय करणें हें विद्यापीठांचें कर्तव्य आहे.

शेवटीं विद्यार्थ्यांस इतकेंच सांगावयाचें कीं, विभाग निवडतांना इमारत पाहूं नका. वर्षांतून किती दिवस क्षेत्रांत नेतात, सूक्ष्मदर्शक कुलुपांत आहे कीं वापरांत, शेवटच्या प्रबंधाचा विषय जिवंत आहे कीं नकललेला, तें विचारा. आणि जेथें शक्य असेल तेथें तो प्रबंध आपल्याच तालुक्यावर लिहा. नांदुऱ्याच्या विहिरींचें खारेपण, मेहकरच्या पठारावरील पाझर तलाव, सातपुड्याच्या पायथ्याची खोल जात चाललेली पातळी, हे विषय परदेशच्या कोणा विद्वानानें येऊन सोडवावयाचे नाहींत. बुलढाणा जिल्ह्याच्या प्रत्येक तालुक्यांत असा एक जाणता माणूस बसला, जो शेतकऱ्याच्या शेतावर जाऊन, मापें घेऊन, "येथें पाणी आहे" असें धीरानें आणि "येथें पाणी नाहीं, पैसे घालूं नका" असें त्याहूनही अधिक धीरानें सांगूं शकेल, तर या शिक्षणावर झालेला खर्च एका उन्हाळ्यांत फिटेल.